कप खोटा का दिसतो? विद्यापीठात मॉडेलिंग आणि रेंडरिंग शिकताना

संगणकावर पांढऱ्या चिनी मातीचा एक कप बनवायचा आहे. खिडकीजवळच्या लाकडी टेबलावर तो ठेवायचा, आणि खिडकीतून ऊन येतंय असं दाखवायचं. सॉफ्टवेअर नुकतंच हाताळायला लागलेला विद्यार्थी हे काम एका दुपारी उरकतो. नळकांडं घेतलं, आतून पोखरलं, बाजूला कान जोडला, पांढरा रंग दिला, दिवा लावला आणि रेंडरचं, म्हणजे प्रकाशाचा हिशेब करून अंतिम चित्र काढायचं, बटण दाबलं. चित्र तयार. त्यात कप आहे हे कुणालाही कळतं. तो खरा नाही, हेही कुणालाही कळतं. काय चुकलंय ते मात्र सांगता येत नाही.

प्रगत अभ्यासक्रमाचं खरं काम इथून सुरू होतं. कुठलं बटण कुठे आहे हे व्हिडिओ बघून शिकता येतं. विद्यापीठातला वेळ मी एकाच गोष्टीवर खर्च करायला सांगेन: डोळ्याला खटकणारी चूक तिच्या कारणापर्यंत नेऊन भिडवणं. चूक आकारात आहे, वस्तूच्या पृष्ठभागात आहे, प्रकाशात आहे की आकडेमोडीत आहे? हे ओळखता आलं की सॉफ्टवेअर बदललं तरी शिकलेलं वाया जात नाही. म्हणून या लेखात तोच कप शेवटपर्यंत सोबत ठेवू.

आधी आकार

संगणकाच्या पडद्यावर गोल दिसणारी वस्तू बहुतेक वेळा गोल नसते. तिच्यात असतात बिंदू, दोन बिंदूंना जोडणाऱ्या कडा आणि कडांनी वेढलेले छोटे चपटे त्रिकोण किंवा चौकोन. या सगळ्यांची मिळून होते ती जाळी, म्हणजे मेश. आपल्या कपाचा गोल काठ म्हणजे, समजा, ३२ सरळ तुकडे.

मग तो गुळगुळीत कसा दिसतो? याचं एक उत्तर अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात सापडलं. तिथे शिकणाऱ्या आंरी गूरोने १९७१ मध्ये दाखवलं की फक्त बिंदूंपाशी उजेड मोजायचा आणि मधल्या जागेत तो हळूहळू एकमेकांत मिसळत न्यायचा. दोनच वर्षांनी तिथल्याच बुई तुओंग फोंगने उजेडाऐवजी पृष्ठाची दिशाच मिसळायची युक्ती मांडली, त्यामुळे चकाकीचा ठिपकाही नीट गोल दिसू लागला. दोन्ही युक्त्या पृष्ठाच्या आतल्या भागापुरत्या चालतात. कपाची बाहेरची रेषा, पार्श्वभूमीवर उठून दिसणारी, कोनदारच राहते. कप खोटा वाटण्याचं पहिलं कारण तिथे सापडतं.

यावरचा उपाय एड कॅटमल आणि जिम क्लार्क यांनी १९७८ मध्ये मांडला आणि आजही तो रोज वापरला जातो. प्रत्येक चौकोनाचे चार चौकोन करायचे आणि प्रत्येक बिंदू शेजाऱ्यांच्या सरासरीकडे थोडा सरकवायचा. ठोकळ्याचे ६ चौकोन पहिल्या फेरीत २४ होतात, दुसरीत ९६, तिसरीत ३८४, आणि ठोकळा चेंडूसारखा गोलसर होत जातो. विद्यार्थ्याने फक्त मोजक्या चौकोनांची ढोबळ जाळी सांभाळायची, बारकावा पद्धत स्वतः भरते.

पण ही पद्धत चौकोनांवर खूश असते आणि बाकीच्यांवर नाराज. एका बिंदूत चार कडा भेटत असतील तर पृष्ठ तिथून अगदी सलग वाहतं. तीन किंवा पाच कडा भेटल्या की तिथे वक्रता अडखळते. मॉडेलिंग करणारे अशा बिंदूला 'पोल' म्हणतात. हात फिरवून तो कळणार नाही, चकाकणाऱ्या कपावर मात्र चिमटा घेतल्यासारखा डाग दिसतो. नवशिक्याला वाटतं, पोल येऊच द्यायचे नाहीत. ते शक्य नसतं. चेंडूसारख्या बंद आकारावर चौकोनांची जाळी कितीही चतुराईने मांडा, चारपेक्षा कमी कडा असलेले बिंदू येणारच. ठोकळ्याच्या आठही कोपऱ्यांत तीन-तीन कडा असतात, म्हणजे प्रत्येकी एक कमी, आणि ही आठाची उधारी चेंडूभर कुठे ना कुठे चुकवावीच लागते. हा गणिती नियम आहे, हाताच्या सफाईने तो मोडत नाही. कान असलेल्या कपाला कानातून आरपार भोक असल्यामुळे त्याचा हिशेब शून्यावर येतो: तीन कडांचा एक बिंदू आला की कुठेतरी पाच कडांचा एक येतो आणि फिटंफाट होते. त्यामुळे खरा प्रश्न उरतो तो पोल ठेवायचे कुठे हा. कानाच्या सांध्याखाली, तळाशी, सपाट भागात, जिथे प्रकाश घसरत जात नाही तिथे. चेहऱ्याचं मॉडेल करणारे हाच विचार गाल आणि नाकाच्या भोवती करतात, कारण तिथे पृष्ठ पुढे हलणारही असतं.

आता कपाचा काठ बघा. नवशिक्याच्या मॉडेलमध्ये आतली आणि बाहेरची भिंत सुरीच्या धारेसारखी भेटते. खऱ्या वस्तूंमध्ये अशी धार जवळजवळ कुठेच नसते. टेबलाचा कोपरा, फोनची कड, पुस्तकाचा पुठ्ठा, सगळीकडे बारीकसा गोलवा असतो, आणि त्या गोलव्यावर प्रकाशाची एक पातळ रेघ चमकते. अर्ध्या मिलिमीटरचा बेव्हल, म्हणजे कडेला असा गोलवा, दिला की कपात जीव येतो. माझ्या मते कमीत कमी कष्टात जास्तीत जास्त फरक पाडणारी ही एकच गोष्ट आहे.

किटली, गाडी आणि वक्र

१९७५ च्या सुमारास यूटामध्येच मार्टिन न्यूएलला प्रयोगांसाठी एखादी ओळखीची वस्तू हवी होती. पत्नीने चहाच्या वेळी सुचवलं, समोरची भांडीच घे की. त्याने किटली आलेखाच्या कागदावर रेखाटली, महत्त्वाचे बिंदू वाचून संगणकात भरले, आणि ते आकडे इतरांना देऊन टाकले. कान, तोटी, झाकण, सगळं असलेला हा आकार पुढे जगभरातल्या प्रयोगशाळांनी वापरला. मूळ आकड्यांत किटलीला तळच नव्हता, आणि खरी किटली संगणकातल्या किटलीपेक्षा उंच आहे. ती खरी किटली आज कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये आहे.

न्यूएलने वापरलेले वक्र मोटारींच्या कारखान्यांतून आले होते. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्झो १९५९ पासून त्यावर काम करत होता, रेनॉमध्ये पिएर बेझिए १९६० च्या दशकात. कल्पना अशी: वक्राच्या बाहेर काही नियंत्रक बिंदू ठेवायचे. टोकाचे दोन सोडले तर वक्र त्यांच्यामधून जात नाही, पण त्यांच्याकडे ओढला जातो. एक बिंदू हलवला की वक्र लवचिक पट्टीसारखा वळतो. या साध्या वक्राने अचूक वर्तुळ मात्र काढता येत नाही, कितीही जवळ गेलं तरी बारीक फरक उरतोच. प्रत्येक बिंदूला स्वतःचं वजन दिलं की वर्तुळ अचूक जमतं. हा वजनांचा विस्तार म्हणजे नर्ब्स.

कुठल्या शाखेत काय शिकवतात हे इथे उलगडतं. अभियांत्रिकीतला विद्यार्थी नर्ब्स आणि घन आकारांकडे वळतो, कारण त्याचा भाग यंत्रावर कापला जाणार असतो आणि भोक वर्तुळच असावं लागतं. ॲनिमेशनच्या विद्यार्थ्याचं पात्र वाकणार असतं, म्हणून तो चौकोनी जाळी घेतो. आर्किटेक्चरमध्ये भिंतीला खरी जाडी हवी, कारण खिडकीत उजेड त्या जाडीवर घासून आत येतो. संगणकशास्त्रात हे सगळं चालवणारी आकडेमोड स्वतः लिहावी लागते.

दोन वक्र पृष्ठं नीट जुळली की नाही हे तपासायची एक पद्धत प्रत्येकाने शिकावी अशी आहे. मॉडेलवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं प्रतिबिंब पाडायचं, झेब्र्याच्या अंगासारखं. सांध्यावर पट्टे तुटून सरकले तर पृष्ठं फक्त एकमेकांना टेकली आहेत. पट्टे जुळतात पण सांध्यावर एकदम वळतात, तर दिशा जुळली आहे, वक्रता नाही. पट्टे सांधा ओळखू न येता वाहत गेले तर वक्रताही जुळली. गाडीच्या दारावर प्रतिबिंब कसं सरकतं ते एकदा लक्ष देऊन पाहिलं की कपाच्या कानाकडेही तसंच बघायची सवय लागते.

यूटामधलीच आणखी एक गोष्ट मला फार आवडते. १९७२ मध्ये तिथे शिकवणाऱ्या आयव्हन सदरलंडच्या विद्यार्थ्यांनी त्याच्या पत्नीच्या फोक्सवॅगन बीटलवर रेघा आखल्या आणि मोजपट्ट्या घेऊन ती गाडी बिंदू-बिंदू मोजली. आज स्कॅनर आहेत, तरी पहिलं मॉडेल मोजून करावं असंच मी म्हणेन. कॅलिपर घ्या, कपाच्या काठाची जाडी मोजा. आपण ती दुप्पट धरली होती हे लक्षात येतं. मापं खरीच घ्यायला हवीत, कारण प्रकाशालाही माप कळतं. दिव्यापासून अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. दहा सेंटिमीटरचा कप चुकून दहा मीटरचा झाला तर छायाचित्रासारखी धूसर पार्श्वभूमी मिळत नाही, आणि पातळ कडेतून झिरपणारा प्रकाशही दिसेनासा होतो.

पृष्ठावर नक्षी चढवायची तर ते उलगडून सपाट करावं लागतं, त्याला यूव्ही म्हणतात. पृथ्वीचा नकाशा काढणाऱ्यांची अडचण तीच. गोलाचं पृष्ठ ताणल्याशिवाय सपाट होत नाही हे गणितज्ञ गाउसने १८२७ मध्येच सिद्ध केलं. म्हणून शिवण कुठे पाडायची आणि ताण कुठे लपवायचा एवढंच आपल्या हातात असतं. कपासाठी शिवण कानामागे.

मग प्रकाश

रेंडरिंगचा सगळा पसारा एका प्रश्नात मावतो: या बिंदूवरून माझ्या डोळ्याकडे किती प्रकाश येतो? १९८६ मध्ये जेम्स काजियाने त्याचं उत्तर एका समीकरणात लिहिलं. समीकरण बघून घाबरायला होतं, पण बोलीभाषेत त्याचा अर्थ सरळ आहे. बिंदू स्वतः जितका प्रकाश देतो तितका, अधिक सगळ्या दिशांनी त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी तो डोळ्याकडे वळवतो तितका.

'पडणाऱ्या' प्रकाशाचा एक जुना नियम आहे, योहान लाम्बर्टने १७६० मध्ये लिहिलेला. प्रकाश सरळ वरून पडला तर पूर्ण लागतो, तिरपा पडला तर तोच प्रकाश जास्त जागेवर पसरतो. ६० अंशांनी तिरपा झाला की निम्माच उरतो. कपाची खिडकीकडची बाजू उजळ असते आणि गोलाईबरोबर हळूहळू मावळत जाते ती यामुळे.

'डोळ्याकडे वळवतो' यात पदार्थाचा स्वभाव येतो. त्याकडे पुढे वळू.

समीकरणातली खरी अडचण तिसरीच आहे. कपावर पडणारा प्रकाश फक्त सूर्याकडून येत नाही. टेबलावर पडलेलं ऊन उसळून कपाच्या पोटाला लागतं. टेबलाकडे आलेल्या प्रकाशातही भिंतीचा वाटा असतो, आणि भिंतीवरच्या प्रकाशात कपाचाही. म्हणजे उत्तर काढायला तेच उत्तर आधी माहीत हवं. नवशिक्याच्या चित्रात कपाची सावलीकडची बाजू मेलेली, करडी दिसते, कारण त्याने फक्त थेट प्रकाश मोजलेला असतो. खऱ्या कपाची ती बाजू लाकडाचा तांबूस रंग घेऊन उभी असते.

कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८४ मध्ये हे तपासायला एक साधं दृश्य घेतलं: एक खोका, समोरासमोरच्या दोन भिंती रंगीत, बाकीचं पांढरं. पुढच्या काही वर्षांत खरा खोका बांधून, त्याची मोजमापं घेऊन, संगणकातल्या चित्राशी ताडूनही पाहिलं गेलं. आज जे रूप सगळीकडे दिसतं त्यात डावी भिंत लाल आणि उजवी हिरवी असते, आणि पांढऱ्या जमिनीवर त्या रंगांची छटा उतरलेली असते. प्रकाशाची गणना बरोबर आहे का हे बघायला विद्यार्थी अजूनही हाच खोका वापरतात.

मग हा न संपणारा हिशेब संगणक करतो कसा? नमुने घेऊन. डोळ्यापासून एक काल्पनिक किरण सोडायचा. तो कपाला लागला की तिथून एखाद्या दिशेला उसळवायचा, मग पुढे, मग पुढे, दिवा किंवा आकाश सापडेपर्यंत. असे शेकडो किरण प्रत्येक ठिपक्यासाठी सोडून सरासरी घ्यायची. किरण कमी असतील तर चित्रात वाळू उधळल्यासारखे कण दिसतात, त्याला नॉइज म्हणतात. हा नॉइज निम्मा करायचा असेल तर किरण दुप्पट करून भागत नाही, चौपट करावे लागतात. १०० किरणांवर चित्र खरखरीत असेल तर निम्म्या खरखरीसाठी ४००, चौथाईसाठी १६००. हे कळल्यावर विद्यार्थी आकडा डोळे मिटून वाढवायचं सोडतो आणि नॉइज येतोय कुठून ते शोधायला लागतो. बहुतेक वेळा तो एखाद्या लहानशा प्रखर दिव्यातून किंवा काचेतून येत असतो. उरलेली खरखर पुसणारी डीनॉइज नावाची साधनं आता सगळीकडे आहेत. ती उपयोगाची आहेत, फक्त किरण फार कमी असतील तर ती खरखरीबरोबर लाकडाच्या रेषाही पुसून टाकतात.

पदार्थ आणि पांढरा रंग

चिनी मातीच्या कपावर काचेसारखा लेप असतो. काचेवर प्रकाश सरळ पडला तर फक्त ४ टक्क्यांच्या आसपास परत फिरतो, बाकी आत जातो. तोच प्रकाश अगदी तिरपा आला तर जवळजवळ सगळा परत फिरतो. या नियमाला फ्रेनेलचं नाव आहे. शांत पाण्यात पायाजवळ तळ दिसतो आणि लांब आकाश दिसतं, ते यामुळेच. कपाच्या मध्यभागी लेप जवळजवळ जाणवत नाही आणि कडांकडे खिडकीचं प्रतिबिंब ठळक होत जातं. सगळीकडे सारखी चमक दिली की कप प्लॅस्टिकचा दिसतो.

दुसरी चूक पांढऱ्या रंगाची. कप पांढरा, म्हणून विद्यार्थी रंगाचा आकडा पूर्ण १ ठेवतो. याचा अर्थ पडलेला सगळा प्रकाश परत, काहीच शोषलं जात नाही. असा पदार्थ घरात कुठेच नसतो. ताजा बर्फसुद्धा थोडा प्रकाश गिळतो. पूर्ण १ ठेवला की प्रकाश खोलीत उसळत राहतो, सावल्या फिक्या पडतात आणि सगळं दृश्य दुधात बुडवल्यासारखं होतं. ०.८ ठेवा, कप अजूनही पांढराच दिसेल, आणि कोपऱ्यांत काळोख परत येईल.

तिसरी चूक सगळ्यात छुपी. चित्राच्या फाइलमध्ये उजळपणा ० ते २५५ असा लिहिलेला असतो. १२८ म्हणजे निम्मा उजेड, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो पूर्ण उजेडाच्या सुमारे २२ टक्केच असतो. निम्म्या उजेडासाठी १८८ लागतो. फाइलमधले आकडे आपल्या डोळ्यांच्या सोयीने वाकवलेले असतात, आणि प्रकाशाची बेरीज करण्यापूर्वी ते सरळ करावे लागतात. लाकडाच्या रंगाचं चित्र सरळ करायचं. पण खडबडीतपणा सांगणारं चित्र रंग नसून मोजमाप असतं, ते तसंच ठेवायचं. यात अदलाबदल झाली की टेबल विचित्र चकाकतं आणि विद्यार्थी दोन दिवस दिवे हलवत बसतो.

गणित, वेळ आणि ज्यूरी

किती गणित लागतं? बारावीपर्यंतचं पक्कं असेल तर सुरुवात होते. सदिश आणि मॅट्रिक्स रोज लागतात. तीन मितींसाठी ४×४ ची मॅट्रिक्स का, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. ३×३ ने फिरवता येतं, ताणता येतं, पण जागेवरून सरकवता येत नाही. चौथा रकाना सरकवण्यासाठी. गणित कळलं की नाही हे बघायचं असेल तर किरण सोडणारा छोटासा प्रोग्रॅम स्वतः लिहावा. टर्नर व्हिटेडने १९८० मध्ये छापलेलं काचेच्या आणि आरशाच्या गोळ्यांचं चित्र काढायला त्याच्या संगणकाला ७४ मिनिटं लागली होती. आज साध्या लॅपटॉपवर तसं चित्र पापणी लवते न लवते तोच येतं. सॉफ्टवेअरचा खर्च ही अडचण असेल तर ब्लेंडर २००२ पासून मुक्त आहे आणि वर सांगितलेलं जवळपास सगळं त्यात करून बघता येतं.

वेळेचा हिशेब मात्र कागदावर आधी करावा. एका मिनिटाच्या ॲनिमेशनला, सेकंदाला २४ प्रमाणे, १४४० चित्रं लागतात. एका चित्राला १० मिनिटं धरली तर २४० तास, म्हणजे दहा दिवस आणि दहा रात्री. सादरीकरणाच्या आदल्या संध्याकाळी ही बेरीज करणारे विद्यार्थी दरवर्षी असतात.

ज्यूरीसमोर, म्हणजे परीक्षकांसमोर, उभं राहताना फक्त अंतिम चित्र नेऊ नये. जाळी दाखवणारं चित्र, सगळ्या वस्तू एकाच करड्या रंगात असलेलं क्ले रेंडर आणि खऱ्या जागेचा फोटो, हे सोबत असावं. क्ले रेंडरमध्येच कप खोटा वाटत असेल तर दोष आकारात किंवा प्रकाशात आहे. तिथे बरा दिसून रंग चढवल्यावर बिघडला, तर दोष पदार्थात. परीक्षकांशी बोलणं मग 'आवडलं', 'नाही आवडलं' यावर अडकून पडत नाही.

एक सराव मी प्रत्येकाला करायला सांगते. खिडकीजवळ कप ठेवा, फोटो काढा, कॅमेऱ्याची उंची आणि कपापासूनचं अंतर लिहून ठेवा. तीच चौकट संगणकात उभी करा. मग फोटो आणि रेंडर एकावर एक ठेवून आलटून पालटून दाखवा. सुरुवातीला सगळंच उडी मारतं. मापं दुरुस्त केली की बाह्यरेषा थांबते. बेव्हल दिला की काठावरची रेघ जुळते. पांढरा खाली आणला की आतला काळोख जुळतो. सगळ्यात शेवटी जुळते ती कपाच्या तळाखालची, लाकडाला टेकलेली अगदी बारीक काळी सावली.